वाचकांचे प्रश्न : जोहान्सबर्गचा ठेका, खानदेशचं स्टेज

अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन याचा ‘ग्रेसलँड’ हा अल्बम ऑगस्ट १९८६ मध्ये निघाला. दक्षिण आफ्रिकेतल्या कष्टकरी वस्त्यांचं नाचाचं संगीत आणि अमेरिकन पॉप यांची त्यात जी सांगड बसली, तिला मानवंदना देणारा कार्यक्रम येत्या हिवाळ्यात करायचा बेत खानदेशातल्या काही मंडळांनी आखला आहे. त्याबद्दलची पत्रं जळगाव-भुसावळपासून नंदुरबारपर्यंतची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमच्या ऑर्केस्ट्रात दोन गिटार, बेस, की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि चार गायक आहेत. हिंदी-मराठी गाणी आम्ही आधी गायकाबरोबर बसवतो. इथेही तसंच करावं का? (वाद्यवृंद चालक, जळगाव)

नाही, इथे उलट क्रम धरा. या अल्बमातली बरीच गाणी मुळात वाद्यांपासून उभी राहिली. फेब्रुवारी १९८५ मध्ये सायमन आणि ध्वनिमुद्रक रॉय हॅली जोहान्सबर्गच्या ओव्हेशन स्टुडिओत गेले आणि तिथल्या वादकांबरोबर ठेके, बेस आणि गिटारचे तुकडे टेपवर घेतले. शब्द बरेचसे नंतर न्यूयॉर्कला परतल्यावर लिहिले गेले. म्हणून गायकाला पहिल्या तीन-चार तालमी घरीच बसवा. बेस, ठेका आणि एक गिटार एवढ्या तिघांवर माणसं पाय हलवायला लागली, की मगच माईक द्या.

बहुतेक चाली चार मापांच्या (बारच्या) आवर्तनात फिरतात आणि स्वरसंगती अगदी साधी असते : सा, म, सा, प. पांढरी चार पट्टी धरली तर पहिलं माप एफचं, दुसरं बी-फ्लॅटचं, तिसरं पुन्हा एफचं, पण बेसवर सी, आणि चौथं सीचं. तिसऱ्या मापात बेसने पंचम धरायचा, षड्ज नाही. हे चुकलं की गाणं दर आवर्तनात मध्येच थांबल्यासारखं वाटतं आणि ते का, हे कुणालाच कळत नाही.

आपल्याकडे हमखास बिघडतो तो ठेका. ऑक्टोपॅडवाला नकळत केरव्यात शिरतो आणि आवर्तनाच्या शेवटी ढोलकीचा तोडा टाकतो. इथे किक, म्हणजे पायाने वाजतो तो मोठा ड्रम, चारही मात्रांवर सरळ पडते, हाय-हॅट बारीक चालतं आणि स्नेअर हलकी असते. भरणा करायचं काम बेसचं आहे. त्यामुळे आठ आवर्तनं एकही तोडा न टाकता वाजवायची, असा नियमच करा. ऑक्टोपॅडमधले तयार लूप बंद ठेवा, पॅच कोरड्या ड्रमसेटचा निवडा आणि रिव्हर्ब शून्यावर आणा. मेट्रोनोम आधी मिनिटाला ९६ वर, मग ११०-१२० वर. ठेका पळू लागला तर बेसवाल्याला डोळ्यांनी खुणावा, ड्रमरला नको. या संगीतात मालक तोच.

‘यू कॅन कॉल मी अल’मधला बेसचा तो अफाट तुकडा साध्या बेस गिटारवर निघतो का? फ्रेटलेस, म्हणजे मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेला, बेस इथे भाड्याने मिळत नाही. (बेस वादक, भुसावळ)

आधी तुकड्याबद्दल. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोचा बकिथी कुमालो याने तो वाजवला. त्यातला पहिला अर्धाच हातांनी वाजवलेला आहे. दुसरा अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवलेली. म्हणून तो पुढून-मागून सारखा ऐकू येतो. स्टेजवर दोन्ही अर्धे हातांनीच वाजवावे लागतात. पहिला अर्धा मेट्रोनोम ६० वर पक्का करा, मग तेच स्वर कागदावर उलट्या क्रमाने लिहा आणि तो वेगळा तुकडा समजून बसवा. कानाने उलटं वाजवायला गेलात तर हात पहिल्या अर्ध्याकडेच ओढला जाईल.

हा तुकडा साध्या बेसवर निघतो. निघत नाही ती बाकी गाण्यांमधली घसरती मींड. त्यासाठी एखादा जुना, स्वस्त बेस हाताशी असेल तर त्याचे फ्रेट काढून घेता येतात. दोन संध्याकाळींचं काम आहे.

तारा काढा. मानेतली सळी (ट्रस रॉड) सैल करून मान सरळ करा. प्रत्येक फ्रेटवर सोल्डरिंगचं टोक वीस-तीस सेकंद टेकवून फ्रेट तापवा, मग चपट्या तोंडाच्या पकडीने एका टोकापासून हळूहळू उचला. न तापवता ओढलात तर फ्रेटबरोबर लाकडाच्या कपच्या निघतात आणि त्या भरत बसावं लागतं. रिकाम्या खाचा पुट्टीसारख्या भरणीने बुजवू नका, ती सुकून आक्रसते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे सुताराकडच्या व्हीनिअरच्या, पातळ सुपरग्लूने बसवा. पट्टी फिक्या रंगाची घेतली तर स्टेजवर बोट कुठे ठेवायचं ते दिसतं. वर आलेला भाग पात्याने कापून ३२० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पण पेपर सपाट ठोकळ्यावर नको. फिंगरबोर्डला गोलाई असते, त्याच गोलाईचा ठोकळा बनवून घ्या, नाहीतर कडेच्या तारा भणभणतील.

फ्रेट गेल्यावर तारा लाकडापासून सुमारे एक मिलिमीटर जास्त उंच राहतात. मानेच्या टोकाच्या नटच्या खाचा आणि बुडाकडच्या ब्रिजचे सॅडल खाली घ्यावेच लागतात. बरेच जण हे विसरतात आणि मग वाद्य बेसूर आहे म्हणतात. वाजवताना बोट फ्रेटच्या मागे ठेवायची सवय सोडा, जिथे फ्रेट होता त्या रेघेवरच बोट आलं पाहिजे. गोल तारेने गुंडाळलेल्या राउंडवाउंड तारांचा आवाज गुरगुरता, हवा तसा येतो, पण त्या शिसवी लाकूड खातात, म्हणून बोर्डवर सुपरग्लूचे किंवा इपॉक्सीचे दोन-तीन पातळ थर द्या. चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा लाकूड वाचवतात, पण या संगीतासाठी फार मऊ पडतात. निवड करायचीच तर आम्ही पहिल्या बाजूला.

गिटारला कोणता इफेक्ट लावावा? (पाचोरा)

कोणताच नको, फार तर हलका कॉम्प्रेसर. ब्रिजजवळचा पिकअप, स्वच्छ आवाज, बारीक तारा, आणि तळहाताची कड तारांवर हलकी टेकलेली. एक गिटार वरच्या पट्टीत एकेरी स्वरांची नक्षी काढते, दुसरी तिच्याखाली आघात धरते. दोघांनी एकाच जागी कॉर्ड झोडले की संपलं. या अल्बमवरचा गिटारवादक रे फिरी याचं वादन कान देऊन ऐका. दोन स्वरांच्या मध्ये तो किती जागा सोडतो, तेवढंच शिका.

अकॉर्डिअनऐवजी पेटी चालेल का? (संगीतशिक्षक, अमळनेर)

चालेल, पण आधी पेटीचा गंधार तपासा. दोन्ही वाद्यांत आवाज हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातींचाच असतो, म्हणून जातकुळी जुळते. अडचण सुरांची आहे. गायकाच्या श्रुतींना लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार गिटारच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. एकेकटं वाजवलं तर दोन्ही गोड लागतात, पण एकत्र वाजलं की सूर थरथरतो. फोनवरचा ट्यूनर घेऊन सातही स्वर पाहा आणि समस्वरी, म्हणजे सगळे अर्धे सूर सारख्या अंतरावर लावलेली, ए म्हणजे ४४० हर्ट्झ धरलेली पेटी निवडा. जुन्या पेट्या पूर्ण पट्टीतच वर-खाली असतात. तसं असेल तर पेटीला हात न लावता गिटार आणि बेस तिच्याशी जुळवून घ्या. की-बोर्डवर तेवढाच फरक ट्रान्सपोजच्या शेजारच्या फाइन ट्यूनमध्ये टाका.

दुसरी गोष्ट भात्याची. अकॉर्डिअनचा भाता दोन्ही बाजूंनी बोलतो आणि ठेका भात्याच्या झटक्यातूनच येतो. ‘द बॉय इन द बबल’ची सुरुवात ऐका. ते अकॉर्डिअन लेसोथोच्या फोरेरे मोत्लोहेलोआ याचं आहे. पेटीवर तसा झटका मिळवायचा तर भाता छोट्या, वेगळ्या ढकलण्यांत मारा आणि स्वर एकमेकांना चिकटवू नका. नर-नर पातींची, म्हणजे खर्जाची ओळ नसलेली, पेटी असेल तर तीच घ्या, खर्जाच्या पातीने आवाज जाड होऊन बेसच्या अंगावर येतो.

खरं अकॉर्डिअन मिळालं तर ते बंद गाडीत उन्हात ठेवू नका. आतल्या पाती मेणाने बसवलेल्या असतात. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी उन्हातल्या गाडीत तेवढा ताप सहज होतो. एक पात सरकली की कार्यक्रमाच्या दिवशी दुरुस्ती होत नाही.

आमचं लग्नाचं बँड पथक आहे. क्लॅरिनेट, तीन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन. शिवाय एक बासरीवाला आहे. आम्हाला यात काम आहे का? (बँड मास्तर, पारोळा)

भरपूर आहे. ‘यू कॅन कॉल मी अल’ एफमध्ये आहे, म्हणजे पांढरी चार. तुमचे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बी-फ्लॅटचे असतील तर त्यांनी जीची बोटं धरायची. सॅक्सोफोन आल्टो, म्हणजे ई-फ्लॅटचा असेल तर त्याने डीची. लग्नात सगळे एकाच चालीवर जोरात असतात. इथे तिन्ही ट्रम्पेट एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी थांबले पाहिजेत. शेवटचा स्वर किती मात्रांवर तोडायचा ते तोंडाने मोजून बसवा. धारदारपणा तिथून येतो, फुंकेच्या जोरातून नाही.

त्या गाण्यातला शिट्टीचा तुकडा मॉरिस गोल्डबर्ग याने पेनी व्हिसलवर, म्हणजे पत्र्याच्या शिट्टीवर, वाजवला. मूळ परंपरा क्वेलाची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या शिट्टीवरच्या नाचाच्या संगीताची. १९५० च्या दशकात स्पोक्स माशियाने हे त्यातलं मोठं नाव. पत्र्याची स्वस्त शिट्टी जरा तिरकी करून तोंडात खोल धरली की आवाज जाड होतो आणि सूर वळवता येतो. तुमच्या बासरीवाल्याने पांढरी चारची नाही, काळी पाचची लहान बासरी घ्यावी. तिची सहाही छिद्रं बंद केली की पांढरी चार वाजते, आणि तिथून एकेक बोट उचलत गेलं की एफचं पूर्ण सप्तक अर्धं छिद्र न करता मिळतं. पांढरी चारच्या बासरीवर मध्यम प्रत्येक वेळी अर्ध्या छिद्राने काढावा लागतो आणि वेगात तो निसटतो. आडव्या बासरीचा आवाज मूळ शिट्टीपेक्षा मऊच लागणार. जत्रेत मिळणारी उभी, शिट्टीच्या तोंडाची बासरी स्वभावाने जवळची आहे, पण दहा तपासल्यावर एखादीच सुरात सापडते.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर थंडीचा हिशेब ठेवा. हवा एक अंशाने गार झाली की फुंकवाद्यांचा सूर सुमारे तीन सेंट उतरतो. जानेवारीत संध्याकाळच्या चाचणीपासून रात्री नऊपर्यंत पारा दहा अंश उतरला तर तीस सेंट गेले. त्याच गारठ्यात गिटारच्या तारा आखडून चढतात. म्हणजे दोघं दोन दिशांना. स्टेजवर यायच्या आधी पाच मिनिटं वाद्यात फुंकर घालून ते गरम करा आणि मध्यंतरानंतर सगळ्यांनी पुन्हा सूर लावा.

आमच्या भजनी मंडळात चौदा पुरुष आहेत. या अल्बमवर गायलेल्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या दक्षिण आफ्रिकी गटासारखं वाद्यांशिवाय गाता येईल का? (चोपडा)

येईल, फक्त आवाजाची सवय बदलावी लागेल. भजनात सगळे वरच्या पट्टीत, खुल्या गळ्याने, एकाच चालीत असतात. जोसेफ शाबालाला याने बांधलेल्या या गटाची गायकी, तिला इसिकाथामिया म्हणतात, खालच्या अंगाने आणि हलक्या आवाजात चालते. गावाकडून खाणींत आणि कारखान्यांत आलेल्या झुलू मजुरांच्या वसतिगृहांत ती वाढली. तिच्यात नाचसुद्धा चवड्यांवर, पाऊल न वाजवता.

दहा जणांच्या गटात त्यांची नेहमीची वाटणी अशी : एक पुढारी, एक आल्टो, एक टेनर आणि सात बेस. चौदा जणांत पुढारी एक, वरचे दोन, मधले दोन आणि खालचे नऊ करा. आपल्या मंडळात खालचे आवाज जमवणं हेच अवघड, कारण सगळ्यांना वर जायचं असतं. मंद्र षड्ज घेताना बेसच्या निम्म्या माणसांचा घसा घरघरत असेल तर पट्टी एक-दोन स्वरांनी वाढवा. खाली नसलेला आवाज ओढून आणता येत नाही. बेसवाल्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजाऱ्याचा संपायच्या आधी आपला, असा ठरवून घ्यायचा, म्हणजे खालचा गुंजारव तुटत नाही.

वाद्य नसलं की गट हळूहळू उतरतो. पेटीवरचा सा फक्त पुढाऱ्याला द्या आणि तालमीत प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा तपासा. एका कडव्यात पाव सुरापेक्षा जास्त उतरत असाल तर बहुधा वरचे दोघं थकलेत, बेसवर राग काढू नका.

झुलू उच्चारांत आपल्याला एक फायदा आहे. त्यांचे टीएच, पीएच, केएच हे सरळ आपल्या थ, प्ह, ख सारखे महाप्राण आहेत. इंग्रजी वळणाने त्यांचा थिंकमधला किंवा फोनमधला उच्चार करू नका. टिचक्यांचे तीन आवाज : सी म्हणजे हळहळताना काढतो तो च्च, एक्स म्हणजे बैल हाकताना गालाच्या बाजूने निघतो तो, आणि क्यू म्हणजे टाळूवरून सुटणारा टॉक. इसिकाथामियातला ‘का’ लिहिताना आपण क लिहितो, पण गाताना तिथे पहिली टिचकी येते. शब्द रोमन लिपीतूनच पाठ करा. देवनागरीत उतरवले की या टिचक्या हमखास पुसल्या जातात.

एक फुकटचा सल्ला : भरीत-पुरीचा किंवा शेवभाजीचा बेत कार्यक्रमानंतर ठेवा. तिखटाने घसा धरला की खालचा षड्ज पहिल्यांदा जातो.

आमच्याकडे डीजेचा सेट आणि १६ चॅनेलचा मिक्सर आहे. पुरेल का? (साउंड सिस्टिम चालक, धुळे)

मिक्सर पुरेल, वाटणी काटेकोर असेल तर. ड्रमला तीन (किक, स्नेअर, वरून एक), तालवाद्यांना एक, बेस एक, गिटार दोन, अकॉर्डिअन किंवा पेटी एक, की-बोर्ड एक, तिन्ही ट्रम्पेटना मिळून एक, मुख्य गायक एक, साथीच्या गायिका दोन, कोरसला तीन. झाले सोळा. शिट्टी-बासरीवाला ट्रम्पेटच्याच माईकवर येईल, त्याची वेळ वेगळी असते.

सेटची गोष्ट वेगळी. अठरा इंचांचे दुहेरी बॉक्स छाती हलवण्यासाठी लावलेले असतात. इथला बेस हे गाणारं वाद्य आहे. ६० ते ८० हर्ट्झ बरंच खाली ओढा आणि ७०० ते ८०० च्या आसपास थोडं वाढवा, म्हणजे बोटांची घसर ऐकू येईल. बेस डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून, घ्या. किक आणि बेस एकाच जागी धडकत असतील तर किकला ६० जवळ आणि बेसला १०० ते २०० जवळ जागा द्या. गायकावरचा इको पूर्ण बंद. आपल्याकडे तो सवयीने चालू असतो आणि वेगवान इंग्रजी शब्दांचा त्यात चिखल होतो.

कोरसला प्रत्येकी एक हँड माईक देऊ नका. अर्धवर्तुळात उभं करून तीन कंडेन्सर माईक ठेवा. दोन माईकमधलं अंतर हे माईक ते तोंड या अंतराच्या निदान तिप्पट असावं, नाहीतर आवाज पोकळ होतो. कंडेन्सरला मिक्सरकडून केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा वीजपुरवठा (फँटम पॉवर) लागतो, मिक्सरवरचं बटण आधी शोधून ठेवा. आणि त्या गाण्यापुरते सभागृहातले जम्बो कूलर बंद करायला एक माणूस नेमा. कूलरची घरघर आणि बेसची गुणगुण एकाच पट्ट्यात असतात, तिथे कोणताही इक्वलायझर कामाला येत नाही. लाइटचे डिमर आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर घ्या. अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमधून हूं असा आवाज येतो. पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय शक्यतो टाळा.

परवानग्या कोणत्या लागतात? गाण्यांना अहिराणी शब्द बसवले तर चालतील का? (मंडळाचे सचिव, शिरपूर)

स्टेजवर प्रत्यक्ष गाणी सादर करण्यासाठी गीत-संगीताच्या हक्कांचा परवाना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून, म्हणजे आयपीआरएसकडून मिळतो. परदेशी गाण्यांचे हक्कही परदेशी संस्थांबरोबरच्या करारांमुळे तिथूनच हाताळले जातात. परवाना आयोजकाने काढायचा, वाद्यवृंदाने नाही. गाण्यांची यादी, आसनसंख्या, तिकिटाचा दर तयार ठेवा. कार्यक्रमाआधी किंवा मध्यंतरात मूळ ध्वनिमुद्रणं वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, त्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलं की ती सूट धरून चालू नका.

अहिराणी शब्दांची कल्पना गोड आहे, पण भाषांतर आणि रूपांतर हा मूळ हक्कधारकाचा स्वतंत्र हक्क आहे. सादरीकरणाच्या परवान्यात तो येत नाही, प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. त्यापेक्षा त्याच स्वरसंगतीवर स्वतःची नवी चाल आणि नवे अहिराणी शब्द बांधा. सा-म-सा-प कुणाच्या मालकीचं नाही. पत्रिकेत गाण्याचे पूर्ण शब्द छापणं आणि कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवणं, यांचीही परवानगी वेगळी.

ध्वनिक्षेपकाला पोलिसांची लेखी परवानगी हवी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत वापरण्यासाठी मुभा आहे. लॉन्सवर करत असाल तर साडेसहाला पडदा उघडा.

त्या वेळी दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार होता. सायमनने तो मोडला म्हणतात. मग त्याला मानवंदना द्यावी का? (धुळे)

प्रश्न रास्त आहे आणि कार्यक्रमात तो झाकू नये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८० मध्ये कलावंतांनी वर्णद्वेषी राजवटीशी संबंध तोडावेत असं आवाहन केलं होतं. सायमनने तिथे कार्यक्रम केला नाही, पण ध्वनिमुद्रण केलं, आणि त्यावर वर्णद्वेषविरोधी चळवळीतून कडक टीका झाली. वादकांना न्यूयॉर्कच्या दरापेक्षा कितीतरी जास्त मोबदला दिला गेला, त्यांना जगभर ओळख मिळाली, ही दुसरी बाजू. फेब्रुवारी १९८७ मध्ये झिम्बाब्वेतल्या हरारेला झालेल्या मैफलीत दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा आणि ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला त्याच्याबरोबर उभे होते. दोघेही मायदेशाबाहेर राहायला भाग पडलेले. चळवळीतल्या लोकांचंही यावर एकमत नव्हतं.

देवघेव तेव्हा सुरू झाली असंही नाही. ऑर्फियस मॅकअडू याचा अमेरिकन गायकसंघ १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत आला आणि तिथल्या कोरस-गायनावर त्याची छाप पडली. उलट दिशेने, सॉलोमन लिंडाने १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘म्बुबे’ अमेरिकेत नव्या शब्दांनी प्रचंड गाजलं, लिंडाच्या हाती मात्र जवळपास काही पडलं नाही. त्याच्या वारसांना तडजोडीतून हिस्सा मिळाला तो २००६ मध्ये.

म्हणून आमचा आग्रह पत्रिकेबद्दल आहे. प्रत्येक गाण्याखाली सहलेखकाचं नाव छापा : ‘होमलेस’ आणि ‘डायमंड्स ऑन द सोल्स ऑफ हर शूज’ला शाबालाला, ‘द बॉय इन द बबल’ला मोत्लोहेलोआ, ‘आय नो व्हॉट आय नो’ला जनरल एम. डी. शिरिंडा. वादकांत फिरी, कुमालो आणि ड्रमर आयझॅक म्त्शाली. निवेदकाने ही नावं चाचपडत म्हणू नयेत, आदल्या दिवशी दहा वेळा घोकावीत.

सुरुवातीला पावरी हे आदिवासी फुंकवाद्य आणि पावरा आदिवासींचे ढोल घ्यावेत असं वाटतं. जमेल का? (नंदुरबार)

जमेल, पण एफची गाणी त्यांच्या अंगावर लादू नका. पावरीचा सूर बनवणाऱ्याच्या हाताने ठरलेला असतो, तो फिरवता येत नाही. ट्यूनरवर तो पाहा आणि बेस-गिटार तिकडे सरकवा, किंवा पावरी-ढोल स्वतंत्र सात-आठ मिनिटं वाजू द्या आणि शेवटच्या ढोलाच्या लयीवर किक उचला. दुसरा मार्ग जास्त चांगला. मानधन गिटारवाल्याइतकंच, आणि नावं पत्रिकेत, ‘आदिवासी कलापथक’ एवढ्यावर भागवू नका.

अल्बम पूर्ण वाजवला तर दोन तास भरतील का? (जळगाव)

अकरा गाणी, ४३ मिनिटांच्या आसपास. निवेदन धरून सव्वा तास. उरलेल्या वेळात मकेबाचं ‘पाटा पाटा’, मासेकेलाचं ‘ग्रेझिंग इन द ग्रास’ (१९६८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं वाद्यसंगीत, तुमच्या ट्रम्पेटवाल्यांसाठी मेजवानी), एखादी क्वेला चाल आणि ‘म्बुबे’ घ्या. कोरसची गाणी लागोपाठ ठेवू नका आणि ‘होमलेस’ मध्यंतरानंतर लगेच तर मुळीच नको, लोक तेव्हा चहाचे कप घेऊन जागा शोधत असतात. ‘अल’ शेवटून दुसरं. शेवटचं ठेवलंत तर पुन्हा एकदाची मागणी येते आणि तोवर बेसवाल्याची बोटं गेलेली असतात.

शेवटची दोन गाणी आफ्रिकन नाहीत, ती का घ्यावीत, असंही याच पत्रात विचारलं आहे. एक अमेरिकेतल्या लुइझियानाच्या झायडेको (तिथलं अकॉर्डिअनवरचं नाचाचं संगीत) वादकांबरोबर आणि दुसरं लॉस लोबोस या लॉस एंजेलिसच्या गटाबरोबर केलेलं आहे. अकॉर्डिअनचा धागा तिथपर्यंत जातो हे ऐकवायचं असेल तर पहिलं घ्या, वेळ कमी असेल तर दोन्ही सोडा.

फलकावर अल्बमचं मुखपृष्ठ वापरावं का? (भुसावळ)

नको, त्याचे हक्क वेगळे आहेत. शिवाय त्यावरचा घोडेस्वार दक्षिण आफ्रिकेचा नाही, तो इथिओपियातल्या जुन्या ख्रिस्ती चित्रातला संत जॉर्ज आहे. गावातल्या पेंटरकडून अकॉर्डिअन आणि बेसचं चित्र काढून घ्या, ‘मानवंदना’ हा शब्द मोठा लिहा, म्हणजे खुद्द सायमन येणार असल्याच्या समजुतीने कुणी तिकीट काढणार नाही.